तरोट्याची भाजी आणि काळजातला फुगा

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीवर थंडगार जेल लावलं, एक गुळगुळीत दांडू फिरवला, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू आमच्या मोहर्लीतली लाइट जाते तसं गेलं. एकदम, काही न सांगता.

"ताई, दम किती दिवसांपासून लागतो?"

"दम? मले?" मी म्हटलं. "डॉक्टरसाहेब, मी मोहर्लीच्या गेटावरून हाक मारली का भद्रावतीची गाय कान टवकारते."

"मी दमाचं विचारलं, आवाजाचं नाही."

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे, आणि त्यातही अंगठा मोजावा लागत नाही.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या धुक्यात काहीतरी फडफडत होतं. "ही तुमच्या हृदयाची डावीकडची झडप. मायट्रल व्हॉल्व. दोन पानांचं दार समजा. हे दार कडेनं चिकटलंय. याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात, म्हणजे झडप अरुंद होणं. चांगल्या झडपेतून दोन बोटं सहज जावीत. तुमच्या झडपेतून पेन्सिल जाईल की नाही, शंका आहे." मग त्यांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

आला होता. आठ वर्षांची असताना आधी घसा धरला, मग गुडघे भोपळ्यासारखे फुगले. महिनाभरानं ताप उतरला आणि सगळे विसरले. माझी झडप तेवढी विसरली नाही. तीस वर्षं ती आतल्या आत चिकटत राहिली.

मी कुसुम. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर गाईड आहे. जिप्सीत उभी राहून पर्यटकांना जंगल दाखवते, आणि ज्या दिवशी जंगल तोंड लपवतं त्या दिवशी जंगलाच्या गोष्टी सांगते. मी सांगितलेले सगळे वाघ एका रांगेत उभे केले तर शेपटी मूल गावाच्या पलीकडे जाईल. माझा नवरा मारोती जिप्सी चालवतो. वर्षाला साधारण बावीस शब्द बोलतो, त्यातले अठरा गाडीशी. घरात तिसरी माझी सासू. तिला मी बाई म्हणते.

दमाचं म्हणाल तर दोन वर्षांपासून होता. जंगलाच्या कडेच्या बफर झोनमधल्या मचाणावर पर्यटकांना चढवताना मी निम्म्यावर थांबायचे आणि म्हणायचे, "शूऽऽ. काहीतरी आहे." सगळे जागच्या जागी गोठायचे. काही नसायचं. मला श्वास घ्यायचा असायचा. पुढे पुढे एका मचाणाला तीन-तीनदा "काहीतरी" दिसायला लागलं, तेव्हा मी मारोतीला म्हटलं, कोणीतरी या मचाणाच्या पायऱ्या वाढवल्या. तो म्हणाला, "पायऱ्या तेवढ्याच हायेत. दवाखान्यात चाल." एका दमात पाच शब्द. मी घाबरलेच. उशा दोनाच्या तीन झाल्या होत्या, आडवं झालं की खोकला यायचा, हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं उशा मोजल्या होत्या.

चंद्रपूरहून चिठ्ठी घेऊन आम्ही नागपूरला गेलो.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी नीट लिहिते. पहिली वाट, बलून व्हॉल्वोटॉमी. मांडीच्या शिरेतून एक बारीक लांब नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला मिटवलेला फुगा. तो झडपेत नेऊन फुगवायचा, की चिकटलेली पानं सुटी होतात. छाती फाडायची नाही, दोन-तीन दिवसांत घरी. दुसरी वाट म्हणजे छाती उघडून ऑपरेशन, आणि मग कित्येक महिने जिप्सीचा विचारही नको.

"फुगा!" मी म्हटलं. "आत्ताच फुगवा."

"आधी आत गाठ नाही ना, ते पाहू द्या."

गाठ पाहण्याच्या तपासणीचं नाव टी.ई.ई. छातीवरून दांडू फिरवला की हृदयाचा मागचा कोपरा दिसत नाही, म्हणून तोच कॅमेरा बोटाएवढ्या नळीवर बसवून घशातून अन्ननलिकेत उतरवतात. हृदय तिथून अगदी पाठीला पाठ लावून असतं. हे करणाऱ्या इकोच्या मॅडम माझ्याच वयाच्या, बारीक आवाजाच्या. घशात कडू फवारा मारला, घसा बधिर झाला, आणि म्हणाल्या, "गिळा. गिळा. गिळा." माझं तोंड बंद पडलेलं पाहायला मारोतीला आत येऊ द्यायला हवं होतं. बिचाऱ्याची ती संधी हुकली.

नळी निघाल्यावर त्यांनी मला चित्र दाखवलं. डाव्या कप्प्यात रक्त धुरासारखं घुमत होतं. थंडीत शेकोटीचा धूर दाबून राहतो ना, अगदी तसं. "पुढचं दार अरुंद, म्हणून रक्त इथे रेंगाळतं. या कप्प्याला कानासारखी एक छोटी पिशवी असते. बघा, तिच्यात हे." पिशवीच्या तळाशी एक पांढुरका गोळा बसला होता. दबा धरून बसावा तसा.

"फुग्याच्या नळीचा धक्का लागला तर हा सुटून मेंदूत जाऊ शकतो. मग अर्धांगवायू," मोठे डॉक्टर म्हणाले. "रक्त पातळ करायची गोळी देतो, वॉरफरिन. दीड महिन्यानं परत पाहू. गाठ विरघळली तर फुगा. नाही विरघळली तर छाती उघडावी लागेल, गाठ काढून झडपही तेव्हाच."

जून लागला होता. पावसाळाभर बंद असलेलं कोअरचं, म्हणजे आतल्या जंगलाचं, गेट एक ऑक्टोबरला उघडतं. मी मनात म्हटलं, हा गोळा तोपर्यंत गेलाच पाहिजे.

आता पुढचं लिहायला जरा लाज वाटते. पण ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहून उपयोग नाही.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. शहरात सफरचंदं नेतात. आमच्याकडे पावसाळ्यात रान देतं ते आणतात. पहिला पाऊस पडून आठ दिवस झाले की तरोट्याची कोवळी पानं वर येतात, मग पातूर, मग खापरखुटी, अंबाडी, शेवग्याचा पाला. कुसुमच्या काळजाला आजार झाला ही बातमी पसरली आणि बाया पदर भरभरून भाजी घेऊन आल्या. दारात एवढा ढीग पडायचा की एक बकरी दोन दिवस आत होती आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

बाई ती भाजी लसूण-मिरची घालून शिजवायची आणि माझ्यापुढे परात ठेवायची. "खाय. रगत वाढते. गोळ्यानं का होते? गोळ्या तं बकरीलेबी देते."

मी खाल्ली. सकाळी तरोटा, संध्याकाळी तरोटा. मनापासून खाल्ली.

दर आठवड्याला चंद्रपुरात रक्त तपासायचं होतं. त्या तपासणीला आय.एन.आर. म्हणतात. गोळीनं रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा. माझा दोन आणि तीनच्या मध्ये हवा होता, आणि तो एक पूर्णांक तीनच्या पुढे सरकेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. बायांनी भाजी वाढवली. पुन्हा गोळी वाढवली. आकडा आमच्या मारोतीसारखा, जागचा हलायला तयार नाही.

जुलैच्या शेवटी पुन्हा नागपूर, पुन्हा कडू फवारा, पुन्हा "गिळा". इकोच्या मॅडमनी बराच वेळ पडदा पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. मी रोज पर्यटकांचे चेहरे वाचते. वाघ नाही दिसला तर गाईड कसा गप्प बसतो, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत? गाठ तिथेच होती. तेवढीच.

मोठ्या डॉक्टरांनी फाइल उघडली. "गोळी रोज घेता?"

"रोज."

ते खरं होतं. मारोतीनं मान डोलावली.

"खाण्यात काय असतं?"

इथे मी थाप मारली. का मारली ते सांगते. चंद्रपुरात पहिल्यांदा रक्त तपासताना बजावलं होतं की गावठी औषध काही घ्यायचं नाही. माझ्या डोक्यात बाईची भाजी म्हणजे औषधच होतं. बोलले तर रागावतील. म्हणून म्हटलं, "साधं वरण-भात, डॉक्टरसाहेब. दुसरं काहीच नाई." मारोती खोकला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

डॉक्टरांनी उसासा सोडला. "मग ऑपरेशनचं बघावं लागेल. सप्टेंबरात घेऊ." त्यांनी लिहायला सुरुवात केली.

इकोच्या मॅडम दाराशी उभ्या होत्या. सहज बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "ताई, मी कधी ताडोब्याला आले नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे काय बघण्यासारखं असतं? खायला काही खास मिळतं का?"

आता मला सांगा, गाईडला असं विचारावं का? ते म्हणजे माकडाला झाड दाखवणं झालं.

"मॅडम," मी म्हटलं, "पावसाळ्यात तर आमचं रान म्हणजे भाजीचं दुकान. चौदा जातींच्या भाज्या! तरोटा तर असा, का एकदा खाल्ला तर नागपूरची पालक तुम्ही ढोराले टाकान. मी एका बैठकीत परातभर खाते. दोन्ही टायमाले! अख्ख्या मोहर्लीत माझ्याएवढी भाजी खाणारं माणूस..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला होता.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"...पाऊस लागला तवापासून."

मारोती म्हणाला, "परातच हाय." हा त्याचा त्या महिन्यातला शेवटचा शब्द.

डॉक्टर रागावले नाहीत. हसलेही नाहीत. "हिरव्या पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं," ते म्हणाले. "ते रक्त गोठायला मदत करतं. ही गोळी नेमकं तेच काम अडवते. तुम्ही रोज गोळीनं दार उघडत होता आणि भाजीनं लावत होता."

मग मॅडमनी जे म्हटलं ते मी विसरणार नाही. "ताई, मला चित्रातली गाठ दिसते. ती का जात नाही हे चित्रात दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं."

बिबट्याचा माग दिसला तरी तो रात्री कुठे बसला होता ते गुराखीच सांगतो. आणि आमचा गुराखी खोटं बोलत होता. माझ्याच फुशारकीनं माझी छाती वाचली, असं मी आजही सांगते. पण खरं तर वाचवलं त्या बारीक आवाजाच्या मॅडमनी.

डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे दिले. एक गोष्ट त्यांनी तीनदा बजावली, म्हणून मीही ठासून लिहिते. भाजी एकदम बंद करायची नाही. माझा डोस परातभर भाजीला पुरेल असा वाढत गेला होता. भाजी थांबली आणि गोळी तेवढीच राहिली तर रक्त नको तेवढं पातळ होऊन कुठूनही वाहू शकतं. त्यांनी डोस कमी केला आणि चार दिवसांनी रक्त तपासायला लावलं. भाजी चालेल, पण रोज एक वाटी, तीच वाटी. तुम्हीही अशी गोळी घेत असाल तर ताटात जे जे पडतं ते डॉक्टरांना सांगा. औषध वाटो, अन्न वाटो, सासूचं प्रेम वाटो. सगळं सांगा.

घरी आल्यावर सगळ्यात अवघड तपासणी झाली. बाईला सांगण्याची.

"म्हंजे?" बाई चुलीपासून उठली. "माह्या भाजीनं तुह्या काळजात गोळा झाला म्हन्तं का?"

"भाजीनं नाई झाला बाई. भाजीनं थो जाऊन नाई राह्यला."

"एकच ना थे!"

दिवसभर ती जेवली नाही. संध्याकाळी तिनं स्टीलची एक वाटी काढली, खिळ्यानं आतून रेघ ओढली आणि माझ्यासमोर आदळली. "रेघेच्या वर एक पान गेलं तं मले विचार."

दुसऱ्या दिवसापासून बाई उंबरठ्यावर बसली. ताडोब्याच्या गेटावर एवढी कडक तपासणी होत नाही. शेजारची पारू पदरात तरोटा लपवून आली, तर बाईनं पदरच धरला. "कुठी चालली?"

"कुसुमले भाजी आनली, बाई. कोवळी हाय."

"कोवळी हाय तं मले दे. मले गोळी नाई."

पारू म्हणाली, "मंग कुसुमले काय आनू?"

"तोंड आन तुह्यं. तिले बोलाले कोनी पाह्यजे. लेक बोलत नाई माहा."

अशा तऱ्हेनं गावाची भाजी बाईनं खाल्ली. तिची प्रकृती इतकी सुधारली की ऑगस्टात तिनं एकटीनं बैलगाडीचं चाक उचललं. निदान मी पर्यटकांना तसं सांगते. आकडा मात्र खराच उचलला गेला. दोन पूर्णांक एक. मग चार, जरा जास्तच, म्हणून गोळी थोडी कमी केली. मग दोन पूर्णांक सहा आणि तिथेच टिकला.

सप्टेंबरात तिसरी टी.ई.ई. या वेळी मी बधिर घशानंच गोळा गेला का ते विचारलं, शब्द काय निघाले कोण जाणे. मॅडमनी पिशवीचा कोपरा न् कोपरा पाहिला. नळी फिरवली, पुन्हा पाहिला. मग डॉक्टरांना हाक मारली, त्यांनीही पाहिला.

"स्वच्छ," मॅडम म्हणाल्या.

मी रडले. एवढी रडले की गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथलॅब. हृदयात नळ्या घालायची खोली. थंडी एवढी, की अस्वलानं स्वेटर मागावं. मी जागी होते, फक्त मांडीचा सांधा बधिर केला होता. डोक्यावर मोठं एक्स-रेचं यंत्र माझ्याभोवती फिरत होतं. त्याला फ्लुरोस्कोपी म्हणतात, म्हणजे हलता एक्स-रे. त्यात फासळ्या दिसतात, तारा दिसतात, हृदयाची नुसती सावली दिसते. झडप दिसत नाही. झडप दिसते इकोत, पण तिथे तारेचं टोक हुडकावं लागतं. म्हणून मॅडम छातीवर दांडू धरून उभ्या आणि डॉक्टर एक्स-रेकडे पाहत. दोघं मिळून शोध घेत होते. आमच्यात एक जण माग बघतो आणि दुसरा वानरांची धोक्याची खेकर ऐकतो, तेव्हा कुठे कळतं वाघ कोणत्या झुडपात आहे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नळी उजव्या कप्प्यात पोचली. तिथून डाव्यात जायला मधल्या पडद्याला सुईनं बारीक भोक पाडावं लागतं. चुकीच्या जागी गेली तर अनर्थ. डॉक्टर म्हणाले, "टेंटिंग?" म्हणजे सुईच्या टोकानं पडदा तंबूसारखा ताणला जाणं. मॅडम म्हणाल्या, "थोडं खाली. अजून. हं, इथे."

आणि डॉक्टर मला म्हणाले, "ताई, आता अजिबात हलू नका."

पंधरा वर्षं मी हे वाक्य दुसऱ्यांना सांगत आले. मोबाइल पाडणाऱ्यांना, शिंकणाऱ्यांना, "वाघ कुठे, वाघ कुठे" करत माझा खांदा ओढणाऱ्यांना. त्या दिवशी ते माझ्या वाट्याला आलं. मी अशी निश्चल पडले की झाडानं माझ्याकडून शिकावं.

मग फुगा. पडद्यावर मला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. आधी एक टोक फुगलं, मग दुसरं, मधे कंबर आवळलेली. डमरूच. झडपेनं त्याला मधोमध पकडून ठेवलं होतं. छातीत काळोख भरल्यासारखं झालं, दोन-चार ठोके कुठेतरी हरवले, आणि मी मनात म्हटलं, सोड ग बाई, तीस वर्षं धरून बसलीस.

कंबर सुटली. डमरूचा भोपळा झाला. लगेच फुगा मिटला.

पुढची काही मिनिटं मॅडम दांडू फिरवत होत्या. झडप उघडली का, आणि फार फाटून गळत तर नाही ना, हे दोन्ही पाहायचं होतं. डॉक्टरांनी आतल्या दाबाचा आकडा मोठ्यानं वाचला. तो निम्म्याच्या खाली आला होता. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन पानं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. गळती नावापुरती.

"आणि धूर?" मी विचारलं.

"पाहा तुम्हीच."

कप्प्यात धूर नव्हता. रक्त धावत होतं, पहिल्या पुरातल्या नाल्यासारखं. मी टेबलावर पडल्या पडल्याच श्वास घेतला. पूर्ण, पोटापर्यंत. एवढा मोठा श्वास जगात शिल्लक आहे हे मी विसरूनच गेले होते. मॅडमचा हात धरला. त्यांना ताडोब्याचं निमंत्रण दिलं आणि तरोटा सोडून काहीही खाऊ घालीन असं कबूल केलं. त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

तिसऱ्या दिवशी घरी आले. माझा ठोका अधूनमधून ताल चुकतो, म्हणून गोळी सुरूच आहे. वाटीही सुरूच आहे. खिळ्याची रेघ आता झिजत आली आहे, तर बाई म्हणते दुसरी ओढते. घरी लहान पोरं असतील आणि घसा धरून नंतर सांधे सुजले, तर वाट पाहू नका. दवाखान्यात न्या. माझ्या बापाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर लागला. डॉक्टरांनी परवानगी दिली, गेट उघडलं, आणि पहिल्याच आठवड्यात मी पुण्याच्या चार पाहुण्यांना घेऊन बफरमधल्या त्याच मचाणाकडे गेले. चढताना मी त्यांना माझ्या काळजात फुगा फुगवल्याची गोष्ट सांगत होते. एकानंही विश्वास ठेवला नाही. एक तरुण तर म्हणाला, "काकू, वाघाची थाप मारा, ती पटते."

चाळीस पायऱ्या. निम्म्यावर मी थांबले नाही. वर पोचून वळून पाहिलं, तर चौघं मधल्या पायरीवर कठडा धरून धापा टाकत उभे. खाली मारोती जिप्सीला टेकून वर बघत होता. पायऱ्या मोजत असणार.

त्या तरुणानं घाम पुसत वर पाहिलं. "काकू, तुम्हाला दम नाही का लागत?"

"दम?" मी म्हटलं. "मले?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मी थाप न मारता म्हटलं.